रिकामा खल

२ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचे. सामान पोहोचलं, माणसं पोहोचली आणि माझी हत्यारांची पेटीही न आदळता पोहोचली. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण टेम्पोवाल्याला मी वाटेत इतक्या वेळा हळू चालव म्हटलं, की उतरताना तो हिला म्हणाला, काकू, पुढच्या वेळी काकांना मागे टाका आणि पेटीला माझ्याशेजारी बसवा. ही हसत सुटली. दिवसभर तेच चाललंय.

जागा छान आहे. मुख्य रस्त्याच्या कोपऱ्यावरची इमारत. खाली औषधाचं जुनं दुकान, वर दोन खोल्या. काम पुरं होईपर्यंत त्या आमच्या. दुकान बंद पडून बरीच वर्षं झाली. मालकीणबाई म्हणजे शेवटच्या औषधवाल्याची मुलगी, शाळेतून निवृत्त झालेल्या, आता दुसऱ्या गावी राहतात. त्यांना दुकान मुळात होतं तसं उभं करायचं आहे, लोकांनी येऊन पाहावं म्हणून. दर्शनी भागात लाकडी पाटी लावायची, तिच्यावर इमारतीचा इतिहास कोरायचा. काम आणि इतिहास दोन्ही माझ्याकडे. माझ्याआधी पदवीवाला एक जण येऊन गेला म्हणे, त्याने टाइल्स बसवायला सांगितल्या! मी बाईंना एवढंच विचारलं, मूळ म्हणजे नेमकं कितपत मूळ? त्या म्हणाल्या, पहिल्या दिवशी होतं तितकं. तिथेच मी काम घेतलं.

मी हे कुठल्या शाळेत शिकलेलो नाही. लाकूड मला लाकडाने शिकवलं आणि भिंत वाचायला भिंतींनी. हातात खरवडायची पट्टी आणि थोडा धीर असला, की चुना बोलतो. ही मला आर्किटेक्टसाहेब म्हणते, टोमणा म्हणून. पण परक्या माणसासमोर म्हणते तेव्हा तिच्या आवाजात थोडा तोराही असतो, हे माझ्या कानाला कळतं.

हिच्या गुडघ्याला जिना जड जाणार. वर पोहोचून टेकली आणि म्हणाली, खाली औषधाचं दुकान आणि औषध एकही नाही, माझं नशीब कुणी घडवलं त्याला तुमच्याकडे शिकायला पाठवा.

४ फेब्रुवारी, बुधवार

नकाशा काढला. पुढे दुकानाची खोली. रस्त्याकडून आत आलं की समोर सागवानी काउंटर, मागे कपाटं. त्यामागे आडवी भिंत आणि भिंतीपलीकडे औषधं कुटायची, कालवायची लहान खोली. या आडव्या भिंतीत काउंटरच्या वर हातभर चौकोनी तुकडा निराळ्या विटांचा निघाला. म्हणजे इथे खिडकी होती, नंतर बुजवली. औषध तयार झालं की आतून याच खिडकीतून देत असणार.

खरी गंमत उजव्या भिंतीवर आहे. रंगाचे थर सोडवत गेलो तर गुडघ्याच्या उंचीवर एका ओळीत लोखंडी पट्ट्यांची भोकं सापडली. इथे बाक होता. आणि त्याच्या वर, माणूस बसला की डोकं टेकेल त्या उंचीवर, गोल काळपट डाग. एकाशेजारी एक, जवळजवळ टोकापर्यंत. डोक्याचं तेल चुन्यात मुरलं की असा डाग पडतो, पण तासा-दोन तासांत नव्हे. माणसं इथे फार फार वेळ बसलेली आहेत. प्रत्येक मालकाने डागांवर रंग मारलेला आहे आणि प्रत्येक रंगातून ते पुन्हा वर आलेले आहेत. आपल्याकडचे रंगारी खालचा थर न खरवडता वरून ब्रश फिरवतात, त्याची ही फळं. मी मुळापर्यंत खरवडून ताजा चुना दिला.

हिला बोलावून डाग दाखवले होते. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, एक इतका खाली आहे, लहान मूल असेल. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

समोरच्या घड्याळजींशी ओळख झाली. घड्याळं दुरुस्त करतात, बोलायला मोठे रसिक. मी स्टूल पुढे केलं तर बसेनात. दोनदा आग्रह केला तेव्हा म्हणाले, साहेब, आमच्या गावात औषधाच्या दुकानात कोणी बसत नाही. बाजारात नवीन दुकान निघालंय, त्याने गुबगुबीत खुर्च्या मांडल्यात. त्यांच्यावर फक्त त्याची मांजर झोपते.

कारण विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. त्यांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं. या दुकानाचा पहिला औषधवाला परगावचा, एकटा माणूस. एका वर्षी तापाची साथ आली. लोक बाकावर येऊन बसत, आतून खलबत्त्याचा आवाज येई, खिडकीतून पुडी मिळे. मग औषध संपलं. पण ते त्याने सांगितलंच नाही. आतून दार लावून घेतलं आणि नुसताच रिकामा खल कुटत राहिला. कुटल्याचा आवाज येतोय म्हणजे औषध होतंय, या आशेवर लोक बसून राहिले आणि बसल्या बसल्याच गेले. दार फोडलं तेव्हा तो खलावर ओणवा पडलेला, मेलेला. गावाने बाक मोडून जाळला, खिडकी बुजवली आणि खलाचं तोंड चुन्याने लिंपून टाकलं. घड्याळजी म्हणाले, एक नंबरचा लबाड. आमच्याकडे अजूनही कोणी नुसती आशा दाखवली तर म्हणतात, खल कुटतोय.

रात्री जेवताना हिला सांगितलं. तर ही त्याचीच बाजू घ्यायला लागली. बिचाऱ्याला नाही म्हणता आलं नसेल हो, म्हणाली. मी म्हटलं, नाही काय म्हणता आलं? सरळ सांगायचं, औषध नाही, दुसरीकडे जा. त्यावर म्हणाली, तुम्ही आजवर कधी कुणाला म्हणालात, मला येत नाही म्हणून?

मी विषय बदलला.

९ फेब्रुवारी, सोमवार

बाक झाला. भोकांच्या अंतरावरून लांबी काढली, डागांच्या उंचीवरून बैठक. एकही खिळा नाही, सगळे सांधे लाकडातच. भिंतीला असा बसला जणू वाटच पाहत होता. खिडकीही मोकळी केली. आतल्या खोलीत उभं राहिलं की खिडकीतून, काउंटरवरून, अख्खा बाक एका नजरेत दिसतो. बांधणाऱ्याची अक्कल वाखाणण्यासारखी. हात कामात आणि नजर माणसांवर.

पाटीही कोरून झाली. इमारतीचे मालक क्रमाने, आणि मध्यभागी हे वाक्य: ‘साथीच्या काळात औषध संपले असता पहिल्या मालकाने रिकामा खल कुटून रुग्णांची फसवणूक केली.’ हिने वाचलं आणि एवढं कोरायलाच हवं का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, इतिहास म्हणजे इतिहास.

बाकावर पहिली हीच बसली. गुडघा चोळत म्हणाली, वा साहेब, तुमच्या इतिहासाचा मला एवढाच उपयोग.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज खल मोकळा केला.

आतल्या खोलीत जमिनीतून कमरेइतका दगडी खांब वर आलेला आहे. इमारतीच्या पायातच बांधलेला, हलवायची सोय नाही. त्याच्या माथ्यावर काशाचा खल शिसं ओतून पक्का केलेला. चुना भरताना बत्ता आतच उभा राहू दिला होता, तो लिंपणातून बोटभर वर डोकावत होता. दुसऱ्या कोणी घाईत घण घातला असता. मी बारीक छिन्नीने कडेकडेने गेलो. दोन्हींवर ओरखडा नाही. पुसून घेतला आणि सहज एक ठोका दिला.

असा नाद मी आयुष्यात ऐकलेला नाही. खणखणीत, तरी मऊ. कानाला लागत नाही, छातीत उतरतो. मी कुटतच राहिलो.

खिडकीतून पाहतो तर ही खाली आलेली. कठड्याला न धरता जिना उतरली, हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं. बाकावर बसली, पदर आवरला आणि म्हणाली, किती बरं वाटतंय, गुडघा आहे की नाही तेच कळत नाही, थांबू नका. म्हणून आणखी कुटलं. माझ्या हाताने झालेल्या कामाने हिला आराम पडतो, याहून मोठी पावती कुठली? पदवीवाल्यांनी हे करून दाखवावं.

थांबलो तेव्हा मात्र हिचा चेहरा पांढरा पडला. वर नेताना दोनदा बसली. जेवली नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी उठलो तर ही शेजारी नाही. खाली बाकावर. थोडंसं कुटा ना, म्हणाली. कुटलं. गालांवर रंग चढला. थांबलो तर ओठ निळसर. पुन्हा कुटलं.

दुपारी जेवायला हाक मारली तर म्हणाली, आता होतच आलं असेल, घेऊनच येते. मी म्हटलं, काय घेऊन? हसली.

एक गोष्ट. बाक मोठा आहे, चांगली सात-आठ माणसं मावतील एवढा. ही अगदी टोकाला, अंग चोरून बसते. मी म्हटलं, ऐसपैस बस की. तर शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहून हळूच म्हणाली, असं कसं, यांना आधी बसलेल्यांना उठवू का?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ताज्या चुन्यातून डाग वर आले आहेत. सगळे. मी मुळापर्यंत खरवडलं होतं. भिंत माझ्या हाताखालून गेलेली आहे, तिच्यात ओल नाही.

टोकाला एक डाग जास्त आहे. आधी नव्हता. मी मोजून नोंद केलेली आहे. हिचं डोकं तिथे टेकतं.

ही काही खात नाही. पाण्याचा पेला पुढे केला तर घेतला आणि म्हणाली, आभारी आहे साहेब, अजून किती वेळ लागेल? मी हसलो. मला वाटलं नेहमीचा टोमणा. तिच्या डोळ्यांत पाहिलं. टोमणा नव्हता. इतकी वर्षं मला अहो म्हणणारी ही बाई माझ्याकडे असं पाहत होती, जसं आपण दुकानदाराकडे पाहतो.

मी म्हटलं, अगं, मी आहे. ती म्हणाली, हो हो, दिसतंय ना, तुमचं काम चालू द्या, आम्हाला घाई नाही.

आम्हाला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आता बस्स, असं ठरवलं. सकाळी हिला उचलली. सामान राहू दे, पेटी राहू दे, रस्त्यावर नेऊन मिळेल त्या गाडीत बसवायची. हलकी लागली, नुसतं कापड उचलल्यासारखी. उंबऱ्यापाशी मान कलंडली. कसंबसं म्हणाली, आवाज का थांबला हो?

आणि श्वास नाही. नाडी नाही. मी हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं, छाती दाबली. काही नाही. ऊन तिच्या तोंडावर होतं आणि डोळे उघडे.

मग जे केलं ते का केलं, मला सांगता येणार नाही. तिला बाकावर ठेवली, आत धावलो आणि खल कुटायला लागलो. रडत होतो, शिव्या देत होतो, कुटत होतो.

खिडकीतून पाहिलं. छाती हलली. तिने मान उचलली, पदर सारखा केला.

मला कळलं. मी कुटतोय तोवर ती आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

डाव्या हाताने लिहितोय. वही खिडकीच्या फळीवर. उजवा हात बत्त्यावर. ठोका चुकला की तिचा श्वास अडकतो. फार जोर नको, पण खंड नको.

मोबाइलवर आवाज भरून घेतला आणि बाकाशेजारी लावला. तिने कपाळाला आठी घातली. म्हणाली, ही कुणाची नक्कल? निळी पडत गेली. पुन्हा हाताने. ड्रिल मशिनला बत्ता बांधून पाहिला. तसाच प्रकार. हातच लागतो. माणसाचा.

खल उपटून गाडीत घालावा तर खांब पायातला. उपटायचा म्हणजे थांबायचं.

डॉक्टरांना फोन केला. आले. तरुण, हुशार. आधी मला ओरडले, हा आवाज बंद करा, मला नाडी बघू द्या. मी नको म्हणालो. त्यांनी हात धरून थांबवलं. मग तेच घाबरले. चालू करा, चालू करा, म्हणाले. मी चालू केलं. ते तिच्याशेजारी उभे राहिले, ऐकत. घाम पुसला. दोन मिनिटं टेकतो आणि गाडी बोलावतो, म्हणाले.

मी ओरडलो, बसू नका.

बसले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर अजून बसलेले. त्यांची बॅग मांडीवर. शांत चेहरा. फोन वाजतो, ते बघतही नाहीत.

गाडी बोलावली असती. पण येणारे उतरतील, ऐकतील, बसतील.

घड्याळजी दाराशी आले. मी खिडकीतून ओरडून सांगितलं, तुमच्या आजोबांनी काय सांगितलं ते आठवा, कानात बोटं घाला, पळा. त्यांनी मान डोलावली. डोळ्यांतून पाणी येत होतं त्यांच्या. म्हणाले, कळतंय हो साहेब, सगळं कळतंय, पण पाय फार दुखतात.

बसले. हिने त्यांना जागा करून दिली.

दार उघडं आहे. आवाज रस्त्यावर जातो. एक बाई भाजीची पिशवी घेऊन थांबली होती. अंगावर ओरडून हाकलली. उद्या बाजाराचा—

दार लावायला हवं. खलापासून दार म्हणजे मधलं दार, काउंटरला वळसा, फळ्या ओढायच्या, कडी घालायची, परत. तेवढं थांबायचं.

नाही लावलं तर सगळं गाव येऊन बसेल.

म्हणून त्याने दार लावून घेतलं होतं. आता कळतंय. स्वतःला वाचवायला नव्हे—

मंगळवार

लावलं.

धावलो तसा पडलो काउंटरला. उठलो. कडी बसेना. मीच साफ करून बसवलेली कडी. परत आलो, कुटलं, कुटलं. ही श्वासावर आली. डॉक्टर आले.

घड्याळजी नाही आले. डोकं भिंतीला टेकलेलं. डोळे माझ्याकडे.

त्यांच्या हातातलं घड्याळ चालू आहे.

—

उजेड आहे. दिवस कुठला, माहीत नाही. फोन बंद पडला. मालकीणबाईंचा आला होता त्याआधी. पाटी बघायला येणार म्हणाल्या. येऊ नका म्हटलं. त्या म्हणाल्या, असं कसं, अभिमान वाटावा असं काम केलंय तुम्ही.

उजवा हात गेला. डाव्याने कुटतो. उजव्याने लिहितो, बोटं मिटत नाहीत. अक्षर बघवत नाही.

ही विचारते, साहेब, होतंय ना? मी म्हणतो, होतंय, बसा. काय म्हणू? औषध नाही म्हणू? दुसरीकडे जा म्हणू? नाही म्हणायला तोंड उघडतो आणि ‘होतंय’ येतं. ही म्हणाली होती—

बाकावर आता सगळे दिसतात मला. डोकी टेकून. ते लहान मूलही. पाय पोहोचत नाहीत जमिनीला त्याचे. हिने त्याला मांडीवर—

—

डोळा लागला उभ्याउभ्या. किती वेळ, कळलं नाही. जागा झालो तो हाकेने.

अहो.

अहो, म्हणाली. मला. ओठ निळे, आणि हसत होती. माझी ही. म्हणाली, अहो, हात बघा तुमचे, रक्त येतंय, पुरे आता—

मी बत्ता उचलला. कुटलं. रंग आला गालांवर. डोळे फिरले, माझ्यावरून पलीकडे गेले. साहेब, म्हणाली, अजून किती वेळ?

थांबलो की ओळखते. थांबलो तरच. आणि मग जाते.

—

कोणी दार फोडून आलात तर बसू नका. कान बांधून या. आधी ती पाटी. मधलं वाक्य रंध्याने तासून काढा, मुळापर्यंत, वरून रंग मारू नका. मी चुकलो. मला कळलं नव्हतं. लिहा, तो लबाड नव्हता. त्याच्या बाकावरही कोणीतरी— त्यालाही कोणीतरी नावाने—

बाहेर गाडी थांबली. मालकीणबाईंचा आवाज. कडी वाजते आहे.

दोन्ही हात लागतील आता. बत्ता निसटतो. डावा वर जात नाही.

ही बघते आहे. ओठ निळे होताहेत. ओळखते आहे. अहो, म्हणते आहे, अहो, या ना इकडे, बसा माझ्याजवळ जरा

एकदाच. हात थांबवून, एवढा एक शब्द होईपर्यंत, तिला मी